रजिस्ट्रेशन झालं, आता पुढे काय?

अगं, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं म्हणून लगेच गल्फच्या एजंटकडे धावू नकोस, आधी दोनेक वर्षं मोठ्या हॉस्पिटलात आयसीयू नाहीतर कॅज्युअल्टी कर, कारण बाहेर बहुतेक ठिकाणी बेडसाइड अनुभवच विचारतात आणि एक्स्पिरियन्स लेटर नीट नसेल तर व्हेरिफिकेशनमध्येच गाडी अडते. प्रायव्हेटमधला सुरुवातीचा पगार मुंबईच्या भाड्यापुढे काहीच नाही, खरंय. पण व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की आधी मशीन नाही, पेशंट बघायचा, छाती हलतेय का, ट्यूब सुटलीय का, सॅच्युरेशन किती, हे सगळं तिथेच अंगात मुरतं.

सरकारी हवं तर एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, दे. केईएम, सायन, नायर पालिकेची, जेजे राज्य सरकारचं, म्हणजे भरतीच्या जाहिराती वेगवेगळ्या, दोन्हीकडे लक्ष ठेव. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असशील तर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिग्री, 2 वर्षांत होतं, शिकवायची आवड असेल तर पुढे एमएस्सी. अमेरिकेला एनसीएलेक्स, म्हणजे तिथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, लागतेच. इन्फेक्शन कंट्रोल, इन्शुरन्स क्लेम अशा टेबलावरच्या नोकऱ्याही आहेत (नाइट नाही, हे सुख!) पण त्यात फार लवकर शिरलीस तर वॉर्डात परतणं जड जातं.

आणि जॉइन होताना कोणी ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतो म्हणालं तर सरळ नाही म्हण, दाखव, झेरॉक्स दे आणि उचलून पिशवीत टाक.