सोलापुरात नव्याने आलेल्याने गोड्या पाण्यातील मासेमारीची चांगली ठिकाणे कशी शोधावीत?

आपण सोलापुरात नुकतेच बदलून आला आहात, गळाने मासे धरण्याचा छंद आहे आणि 'हा दुष्काळी जिल्हा, उजनी सोडली तर येथे पाणी कुठले' असे आपल्याला कार्यालयात सांगण्यात आले आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. हे वाक्य मी आमच्या कार्यालयातही ऐकले आहे, आणि तेव्हापासून ते मला खुपते.

येथे पाऊस कमी पडतो हे खरे आहे; पण भीमा भरते ती पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने, आणि सीना येते अहिल्यानगर जिल्ह्यातून. दोन्ही नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, म्हणजे पावसाळा सरला की खांबांमधल्या गाळ्यांत दारे टाकून पाणी अडवणारे. मंगळवेढा रस्त्यावर तिऱ्हे आणि विजापूर रस्त्यावर वडकबाळ येथे सीना भेटते, त्याच रस्त्याने पुढे टाकळीला भीमा. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, जो १८७१ साली पूर्ण झाला. शिवाय होटगीचा तलाव आणि अक्कलकोटकडे बोरी नदीवरील कुरनूर धरण आहेच. उजनीला जाऊ नका असे मी म्हणत नाही, परंतु ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास साठवणक्षमता असलेल्या त्या जलाशयाच्या काठावर नवख्याने गळ टाकून बसणे म्हणजे एक तर चिलापी (तिलापिया मासा) घेऊन येणे, नाही तर हात हलवत परत येणे.

आमच्याकडे कोकण किनाऱ्यावरून बदलून आलेले एक वरिष्ठ अधिकारी होते. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, हे त्यांचे मत ते जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकवीत. शेवटी एका रविवारी मी त्यांना सीनेच्या एका बंधाऱ्यावर घेऊन गेलो. दिवस दिवाळीच्या आसपासचे होते आणि बंधाऱ्याची दारे नुकतीच टाकलेली होती. साहेबांकडे रीळ असलेली महागडी काठी होती, आमिष म्हणून गळाला लावायचे चकाकणारे पितळी चमचे होते, आणि त्यांनी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी विस्तीर्ण पसरलेले दिसत होते, तिथे बैठक मारली. खालच्या बाजूला एक वृद्ध भोई बांबूची साधी काठी घेऊन बसले होते. त्यांच्या तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, तरंगा म्हणून ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा बांधलेला होता. त्यांनी साहेबांकडे पाहिले आणि मला म्हणाले, "दारं आत्ता टाकल्याती, वरचं पाणी अजून गढूळ हाय. मासा हितं डोहात आलाय. पाव्हण्यास्नी खाली बोलवा." साहेब हलले नाहीत. मी मात्र त्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसलो.

त्यांच्या म्हणण्यामागचे कारण मला तिथे बसल्यावर डोळ्यांनी दिसले. दारे टाकली की खालचा प्रवाह आटत जातो, पसरलेला मासा उरलेल्या डोहांत गोळा होतो आणि दारांच्या फटींतून झिरपणारे ताजे पाणी त्याला तिथेच धरून ठेवते. आमिषही त्यांनीच दिले. नुसत्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, ते गळावरून सुटून जाते. म्हणून निम्मी गव्हाची कणीक आणि वासासाठी चिमूटभर शेंगदाण्याची पेंड, एवढेच. बराच वेळ काही झाले नाही. मग चिपाड बुडण्याऐवजी हळूच वर उचलले गेले आणि पाण्यावर आडवे पडले. मी वाट पाहत होतो, तेवढ्यात आजोबा पुटपुटले, "आता वढा." मृगळ तळाशी चरतो, तो आमिष तोंडात घेऊन वर उठला की शिशाचा भार सैल होतो आणि तरंगा आडवा होतो. जो मृगळ लागला तो चांगला हातभर होता, आणि त्या दुपारी तो एकटाच आला नाही.

साहेबांचे चमचे संध्याकाळपर्यंत कोरडेच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साऱ्या विभागाला सांगितले की माझे नशीब जोरावर होते. ज्या माणसाला जागा सांगितली, कारण सांगितले आणि तरीही जो हलला नाही, त्याने नशिबाचे नाव काढावे याचे मला आजही नवल वाटते. दारे केव्हा टाकली, कालव्याला वा नदीला आवर्तन (धरणातून ठरावीक पाळीने सोडलेले पाणी) केव्हा सुटले, पाणी चढते आहे की उतरते आहे, ही चौकशी ज्याने केली त्याला सोलापुरात जागा सापडते. ही माहिती भ्रमणध्वनीवरील नकाशात नसते. ती नदीकाठी म्हशी धुणाऱ्याकडे, मोटार सुरू करायला आलेल्या शेतकऱ्याकडे आणि पहाटे मासळी विकायला आणणाऱ्या बाईकडे असते. तिला 'ही मरळ कुठली' एवढे विचारले तरी आपले निम्मे काम होते. मरळ हवी असल्यास बेशरमीच्या झुडपांलगत शांत पाण्यावर नजर ठेवावी, कारण ती हवा घेण्यासाठी वर येते. वाम बंधाऱ्याच्या दगडांत राहते आणि अंधार पडल्यावर गांडुळाला लागते.

काही गोष्टी खरे तर आधी सांगायला हव्या होत्या. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकू नये, उजनीवरही परवान्याची चौकशी करावी. सिद्धेश्वर तलावाचा विचारही करू नका, ते श्रद्धेचे स्थान आहे. पावसाळ्यात गाभोळीची, म्हणजे पोटात अंडी असलेली, मादी लागल्यास ती परत सोडावी. आणि भीमेच्या पात्रात उतरण्यापूर्वी उजनी व वीर धरणांतून किती विसर्ग सुरू आहे हे वर्तमानपत्रात अवश्य पाहावे, कारण सोलापुरात ऊन असतानाही नदी दोन्ही काठ भरून येते. सीनेने सप्टेंबर २०२५ मध्ये काय केले, ते तिऱ्ह्यात कोणालाही विचारा.

आपण सुरुवात तिऱ्ह्यापासून करावी, दारे टाकल्यानंतरच्या पंधरवड्यात आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. रीळाची काठी नेली तरी हरकत नाही, फक्त चमचे घरी ठेवा.