आधी वाटणी, मग मोटार

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारा घरांनी मिळून पाझर तलावातलं पाणी उचलायचं ठरलंय, अनुदानाचा अर्ज तयार आहे, आणि मोटार किती अश्वशक्तीची घ्यावी ते विचारतेस. ते दुकानदारही सांगेल. पाणी कोणाला किती, हे मात्र चार पानांत कुठंच सापडलं नाही.

मीही इथंच चुकलो होतो. ज्याचं रान मोठं त्याला पाणी जास्त, असं आमच्याकडं कोणी ठरवलं नव्हतं. ते आपसूक झालं. तिसऱ्या वर्षी दोघांनी ऊस लावला. शेवटच्या टोकाची ज्वारी वाळली आणि तिच्या मालकानं वीजबिलाचा वाटा देणं बंद केलं. का द्यावा त्यानं? मोटार अजून माझ्या गोठ्यात गंजत पडलीय.

पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीबद्दल मला नंतर कळलं. 1972 चा दुष्काळ पाहून विलासराव साळुंखे नावाचा पुण्याचा इंजिनिअर-कारखानदार नायगावात येऊन राबला. त्यांच्या ग्रामगौरव प्रतिष्ठाननं पाणी जमिनीवर मोजलं नाही, माणसांवर मोजलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि घरात कितीही माणसं असोत, जास्तीत जास्त अडीच एकर. पंचवीस एकरवाल्यालाही तेवढंच. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही.

आणि भूमिहीनालाही वाटा. शेतच नाही तर तो पाण्याचं काय करणार, असं तुझ्या बैठकीत कोणीतरी हसून विचारेलच. तो दुसऱ्याचं कोरडं रान वाट्यानं करेल. एरवी तो मजूर म्हणून बांधावर उभा असतो. पाणी त्याचं असलं की वाटा किती, हे तोही बोलू शकतो. मला या सगळ्यात हाच नियम मोठा वाटतो, आणि गावाला पचायला सगळ्यात जड हाच.

पैशाचंही त्यांनी असंच बसवलं होतं: साधारण निम्मं सरकारी अनुदान, 30 टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज, उरलेले 20 टक्के शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घालायचे. तू गरिबांकडून काहीच घेणार नाहीस म्हणतेस. थोडं घे. पैसे घातलेला माणूस हिशोब विचारायला येतो.

हे नियम कायमचे टिकतात असं समजू नकोस. त्यांच्याही काही योजना पुढं बंद पडल्या. उसाचा मोह वाईट, मलाही सुटला नव्हता.

अर्ज आठवडाभर थांबव. बैठक देवळात घेऊ नकोस, तिथं काही जण पायरीशीच बसतात, शाळेत घे. बायका आल्याशिवाय सुरू करू नकोस. पुढच्या पत्रात मोटारीचं नको, बारा घरांतली माणसं मोजून पाठव. आणि वस्तीवरची बिनजमिनीची घरं त्या बारांत धरलीयस की नाही, तेही लिही.

तुझा,
काका