विमा कशाचा होता?

"सर, प्रामाणिक राहिलो म्हणून मागं पडलो." लातुरात समुपदेशनाला येणाऱ्या बँकेतल्या माणसांकडून हे मी बऱ्याचदा ऐकतो. त्यावर 'शेवटी सत्यच जिंकतं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बढतीच्या याद्या मीही पाहिल्यात.

त्यातलाच एक, तिशीतला. (तपशील थोडे बदललेत.) गावाकडच्या शाखेत फिल्ड ऑफिसर. सोबत रुजू झालेला मित्र बढती मिळून स्केल दोनला, म्हणजे वरच्या श्रेणीत गेला, हा होता तिथंच. झोप उडाली, घरात चिडचिड. पहिल्या दोन भेटी नुसत्या मित्र कसा पुढं गेला त्याच्या कहाण्या. जूनमध्ये पीक कर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला शेतकरी येतो, त्याला बियाण्याची घाई असते. तेवढ्यात कागदांच्या गठ्ठ्यात आयुर्विम्याचा अर्ज सरकवायचा आणि हप्ता खात्यातूनच वळता करायचा. कर्जासाठी अशी पॉलिसी गळ्यात मारता येत नाही, हे दोघांनाही पाठ. बढतीच्या परीक्षेला तेच तर वाचतात!

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "तुम्ही किती केल्या?"

बराच वेळ तो पंख्याकडं बघत राहिला. "चार. शेवटची याच महिन्यात."

मित्राचा हेवा वाटतो, हे तो सहज कबूल करत होता. हेव्यावर औषध शोधू नका, म्हटलं. बरोबरीचा पुढं गेला की कुणालाही लागतं. त्याची झोप ह्या चारांनी घालवली होती. मित्रानं जे बिनदिक्कत केलं तेच यानं कचरत केलं, आणि त्या कचरण्यालाच प्रामाणिकपणा समजून बसला.

शेवटच्या पॉलिसीची कागदपत्रं मिळून तीस दिवस झाले नव्हते. तेवढ्या मुदतीत ग्राहकाला ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता मिळतो. परतीचा अर्ज घेऊन तो स्वतः त्या शेतकरी आबांच्या शेतातल्या आखाड्यावर गेला. आबा म्हणाले, "तुम्ही सही करा म्हणलात, म्या केली. मला वाटलं, पिकाचा विमा हाय."

हे सांगताना तो पहिल्यांदा रडला.

मॅनेजर नाराज आहेत. पुढच्या बढतीचं मला सांगता येणार नाही. झोप मात्र बरी लागतेय. उरलेल्या तिघांची मुदत संपलेली. दोघांच्या घरी जाऊन त्यानं काय झालं ते सांगितलं. एकाकडं अजून गेला नाही. त्या गावावरून जाताना गाडी आपोआप जोरात पळते, म्हणतो.