ॲक्सल बदलताना : कंपनीचा पार्ट की बाहेरचा?

प्रश्न : स्पोर्ट्स कारच्या एका बाजूचा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा सीव्ही बूट (ॲक्सल शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय. आवाज अजून नाही. मेकॅनिक म्हणतो, बूट बदलण्याच्या मजुरीत थोडी भर घातली की बाहेरचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, अख्खा नवा शाफ्ट येतो. बदलून टाकू का?

उत्तर : आवाज नसेल तर जुना शाफ्ट हातचा घालवू नका. फाटला आहे तो रबराचा तुकडा, जॉइंट नव्हे. जॉइंट खोलून स्वच्छ धुवा आणि छर्रे ज्या खाचांमधून फिरतात त्यांवरून नख फिरवा. नुसती चकाकी दिसली तर चिंता नाही. नख अडकलं, खड्डा लागला, किंवा छर्रे धरणाऱ्या जाळीच्या खिडक्या झिजलेल्या दिसल्या, तर मात्र तो जॉइंट संपला. चांगला निघाला तर नवा बूट, नवे क्लॅम्प आणि किटमधलं सगळं ग्रीस भरून बसवा. चाकाकडच्या छर्रेवाल्या जॉइंटचं आणि गिअरबॉक्सकडच्या (आतल्या) तीन रोलरवाल्या ट्रायपॉड जॉइंटचं ग्रीस बहुतेकदा वेगळं असतं. पुड्यांची अदलाबदल करू नका.

स्वस्त नव्या शाफ्टची गोम पहिल्या दिवशी कळत नाही. पोलाद दिसायला सारखंच, पण खाचांवरची कडक केलेली कातडी पातळ असते आणि बूटाचं रबर लवकर तडकतं. बऱ्याच मूळ शाफ्टच्या मधोमध रबरात बसवलेलं वजन असतं, कंप शोषून घेण्यासाठी. बाहेरच्या कंपनीच्या शाफ्टवर अनेकदा तेच गाळलेलं असतं. मग ठराविक वेगाला गाडी घुमायला लागते आणि माणूस चाकांचं बॅलन्सिंग करत बसतो.

‘रीबिल्ट’ म्हणून मिळणाऱ्या शाफ्टबद्दल तर मी जास्तच साशंक आहे. त्यात झिजलेल्या खाचा घासून मोठे छर्रे घालण्याची पद्धत आहे. घासताना जी जाते ती नेमकी कडक कातडीच.

प्रश्न : पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की टक्‌-टक्‌, आणि सरळ रस्त्यावर जोर दिला की थरथर. दोन्ही एकाच जॉइंटचं का?

उत्तर : बहुधा नाही. वळणावरची टक्‌-टक्‌ चाकाकडच्या जॉइंटची, सरळ जातानाची थरथर आतल्याची. दोन्ही असतील तर इथे मात्र अख्खा शाफ्ट घ्यायला माझी हरकत नाही.

प्रश्न : कंपनीच्या खोक्यातला आणि मूळ पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला पार्ट एकच असतो का?

उत्तर : पुष्कळदा हो. कार कंपन्या ड्राइव्हशाफ्ट बहुतेक वेळा स्वतः बनवत नाहीत. जीकेएनसारखे पुरवठादार ते बनवतात, आणि त्यांचाच माल लोब्रो या नावाने सुट्या भागांच्या बाजारातही येतो. अशा वेळी लोगोचे जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. मात्र आपल्या गाडीचा पुरवठादार कोण, हे जुन्या शाफ्टवरच्या खुणेवरून ताडून बघा. त्याच नावाचा डुप्लिकेट मालही फिरतो, तेव्हा अनोळखी विक्रेत्याकडची फारच कमी किंमत दिसली की तिथून निघा.

प्रश्न : इंजिनाचा टॉर्क (पिळण्याचा जोर) 400 न्यूटन-मीटरपर्यंत नेलाय, टायरही चिकट घेतलेत. 300एम या जास्त मजबूत पोलादाचे शाफ्ट घालावेत का?

उत्तर : आधी हिशोब. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 3.6 आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअर जोडीचं) 3.7 धरलं, तर 400 चे 5328 होतात. दोन चाकांत वाटले तर प्रत्येक शाफ्टवर साधारण 2660 न्यूटन-मीटर. हा आकडा शाफ्टपर्यंत पोचतो तो टायर पकडून राहिला तरच. घसरणारा टायर शाफ्टला वाचवतो, चिकट टायर मारतो. म्हणून नुसती ताकद वाढवलेल्यांपेक्षा टायर बदलून झटक्यात क्लच सोडणाऱ्यांचे शाफ्ट जास्त तुटतात.

तुम्ही असे झटके खरोखरच देत असाल तर 300एम किंवा 4340 क्रोमोली पोलादाचे घ्या, आणि इथे बाहेरचा पार्ट कंपनीच्या पार्टापेक्षा खरोखर सरस असतो. पण शाफ्ट वाचला की ताण पुढच्या कमकुवत जागेवर जातो, आणि डिफरन्शियलचे (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांचे) दात शाफ्टपेक्षा महाग पडतात. शिवाय ताठ शाफ्ट म्हणजे सगळं सुधारलं असं नाही. 2009 च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीला मागचे दोन शाफ्ट मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे दिले होते, म्हणजे दोन्ही एकाच लयीत पिळून चाकं उड्या मारायला नकोत. अशा गाडीत ‘एक जाड, एक बारीक कशाला’ म्हणत सारखी जोडी बसवणारे भेटतात, आणि मग सस्पेन्शनला दोष देतात. रस्त्यावरच फिरवणार असाल तर मूळ शाफ्ट पुरेत.

प्रश्न : बाहेरचा शाफ्ट घातल्यापासून एबीएसचा दिवा पेटलाय.

उत्तर : एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा, सेन्सरने चाकाचा वेग वाचते. जुन्या रचनेत त्यासाठी जॉइंटवर दातेरी कडं असतं. जुन्या-नव्याचे दात मोजा. एकाचा जरी फरक असला तरी त्या चाकाचा वेग चुकीचा वाचला जातो. नव्या रचनेत कडं नसून हबच्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. सोबत बेअरिंगही बदललं असेल तर ते उलटं बसलंय का बघा : टाचणी अलगद चिकटते ती बाजू सेन्सरकडे हवी. बेअरिंगच्या बाबतीत मी कंपनीचं किंवा तिच्या पुरवठादाराचंच घेतो, तिसरा पर्याय नाही.

प्रश्न : ॲक्सलचा जुना नट परत वापरला तर?

उत्तर : कडा ठोकून अडकवायचा किंवा एकदाच वापरायचा असेल तर नवाच घ्या, त्यात कंजुषी नको. चाक जमिनीवर टेकवायच्या आधी, कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. नट ढिला असताना गाडी ढकलूनसुद्धा हलवू नका. वजन पडलं की बेअरिंग खराब होऊ शकतं.