"आमच्या घराण्यातच आहे हो मॅडम, आता काय करणार!"

वजन कमी करायला आलेल्यांकडून हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही माझा. मागे एक ताई आल्या होत्या, पस्तिशीच्या, बसल्या बसल्या पर्समधून वही काढून टेबलावर ठेवली. रोजचं वजन लाल पेनने, शंभर-शंभर ग्रॅमचा हिशोब, एका जागी तर पेन इतका दाबलेला की कागदच फाटलाय. थायरॉईड नॉर्मल, शुगर नॉर्मल. म्हणे आईचं अंग असंच, माझंही असंच, पण मग सख्खी बहीण त्याच घरात वाढून काडीसारखी कशी?

म्हटलं ताई, सख्ख्या बहिणींचे जीन्स सरासरी निम्मेच जुळतात. 1990 मध्ये कॅनडातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, एकसारख्या जुळ्या भावांच्या 12 जोड्या, 84 दिवस रोज 1000 कॅलरी जास्तीच्या, तर कुणी 4 किलोने वाढला कुणी 13 ने, पण एका जोडीतले दोघं बरेचसे सारखेच वाढले. म्हणजे जीन्सचा हात आहेच, नातेवाईक आळशी म्हणतात ते डोक्यातून काढून टाका.

पण वहीत मागे ड्युटीच्या वेळा पण होत्या. आठवड्यातून चार नाईट, दिवसा झोप जेमतेम साडेचार तास.

तिथेच थांबले मी. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, ते मेंदूला सांगतं की साठा आहे, पुरे आता. घ्रेलिन जठरातून येतं, ते भूक चाळवतं. 2004 च्या एका अभ्यासात दोनच रात्री 4-4 तास झोपवलं तर लेप्टिन 18 टक्के उतरलं आणि घ्रेलिन 28 टक्के चढलं (12 च तरुण होते हं त्यात, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत असं सरळ चित्र आलेलं नाही, त्यामुळे आकडे पाठ करू नका). मग पहाटे तीनला फ्रीज उघडता त्यात जीभ किती आणि झोप किती?

ताई गप्पच. मग हळूच म्हणाल्या, तीनला नाही, अडीचला.

डाएट चार्ट दिलाच नाही. नाईट कमी करून मागा, खोलीत अंधार करा, वजन आठवड्यातून एकदा, एवढंच.

दोन महिन्यांनी आल्या तर वजन फक्त किलोभर कमी, पण अडीचचा फ्रीज बंद. जाता जाता विचारतात, बहिणीला आणू का, ती रडते की कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही.