कायद्याचं बोला : पुस्तकातली चित्रं दप्तरावर आली, आता वकील कुठून आणू?

प्रश्न : ताई, मी सांगलीची. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकाच्या बालगीतांच्या पुस्तकाचं काम केलं. कागदावर करार नाही, सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर. 'ही चित्रं फक्त या पुस्तकासाठी' असं मी लिहिलं होतं, त्यांनी 'चालेल' म्हटलं. आता तीच चित्रं शाळेच्या दप्तरांवर नि डब्यांवर दिसताहेत. माझं नाव कुठेच नाही, आणि एका मुलीच्या दोन वेण्या कापून तिला भलताच फ्रॉक चढवलाय. विचारलं तर त्यांनी कागद पाठवला : १० हजार घ्या आणि सगळे हक्क कायमचे द्या. एका वकिलांनी नुसत्या नोटिशीचे २५ हजार सांगितले. यजमानांना बरी नोकरी आहे, त्यामुळे मोफत वकील मिळणार नाही असं सगळे म्हणतात. काय करू?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. 'वाचून कळवते' एवढंच उत्तर पाठवा. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांचीच धरतो. 'कायमचे' या शब्दावर सही केलीत की तोही आधार जातो.

आता वकिलाचं. सगळे म्हणतात ते खरं नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो ते दिलं आहे, आणि त्यात स्त्रिया सरसकट आहेत. त्यांना उत्पन्नाची अट नाही. यजमानांचा पगार कितीही असो, तो विचारात येत नाही. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, लहान मुलं, कारखान्यातले कामगार यांनाही तसंच. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. त्याचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. तिथे साधा अर्ज द्यायचा. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १५१०० वर फोन करा. मंजूर झालं की वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन, सगळा खर्च प्राधिकरण करतं. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडे एक रुपयाही मागायचा नाही. मागितला तर सचिवांना लेखी कळवा.

कलाकार मंडळी या दारापर्यंत येत नाहीत, याची मला मनापासून खंत आहे. तिथे फक्त पोटगीची नि तुरुंगातल्या लोकांची कामं चालतात, असा समज आहे. खरं तर कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणं हेही याच कायद्यात बसतं. म्हणजे भांडण होण्याआधी, करार हातात पडल्या दिवशीही जाता येतं. एक अडचण मात्र आहे : यादीतल्या बऱ्याच वकिलांनी कॉपीराइटचं काम केलेलं नसतं. म्हणून अर्जातच लिहा, 'कॉपीराइटचं काम केलेले वकील द्यावेत.' नुसता कागद वाचून घ्यायचा असेल तर जवळच्या विधी महाविद्यालयातही जा. प्रत्येक महाविद्यालयाला विधी सहाय्य केंद्र चालवावं लागतं. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली मुलं मन लावून कागद वाचतात. कोर्टात मात्र ती उभी राहू शकत नाहीत.

तुमची बाजू कशी आहे? प्रकाशक कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ वर बोट ठेवेल. पैसे देऊन सांगून करून घेतलेलं रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा, असं ते कलम म्हणतं. पण तुमचा वेगळा करार झालेला आहे. 'फक्त या पुस्तकासाठी' आणि त्यावरचं 'चालेल', हाच तो. तुमच्या प्रकरणात याहून मोलाचं काही नाही. म्हणून ते संभाषण पुसू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी लागतो. चित्रांच्या मूळ फायली आणि कच्ची रेखाटनं जपा. एक दप्तर, एक डबा विकत घ्या, बिलासकट.

मालकीचा निकाल तुमच्या विरुद्ध गेला तरी कलम ५७ उरतं. आपलं नाव लावून घेण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर ती थांबवण्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो. कॉपीराइट विकला तरी. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं. कॉपीराइट आमच्याकडे आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्प परत द्यायला आणि ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं. त्या वेण्या कुणी कापल्या, हे विचारायचा अधिकार तुम्हाला याच कलमाने दिला आहे.

दाव्यासाठी प्रकाशकाच्या गावी खेपा घालाव्या लागतील का? नाही. कॉपीराइटचा दावा, तो करणारी व्यक्ती राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, म्हणजे सांगलीतच. त्याआधी लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते आणि तिथे कोर्ट फी लागत नाही. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दप्तरांचा जुना हिशेब, पुढची परवानगी आणि नाव, या तिन्ही गोष्टी मसुद्यात आल्यात का, ते वकिलाकडून पाहून घ्या, मगच सही करा.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातला, तमाशात ढोलकी वाजवतो. गावच्या जत्रेतला आमचा खेळ एकाने पूर्ण चित्रित करून यूट्यूबवर टाकला. त्यावर जाहिराती चालतात. तो म्हणतो, गावाने सुपारी दिली होती, म्हणजे सगळं आलं. आम्हाला काही हक्क आहे का? दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे मारायला वेळ नाही.

उत्तर : हक्क आहे, दादा. कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या प्रत्येकाला लागू होतं. तुमच्या संमतीशिवाय खेळ चित्रित करून तो कमाईसाठी वापरता येत नाही, आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. सुपारी खेळ करण्याची असते. चित्रीकरणाची संमती वेगळी घ्यावी लागते. फडमालकाने कुठे सही दिली आहे का, ते मात्र आधी विचारा, कारण वकील पहिल्यांदा तेच विचारेल.

दाखल्याची काळजी करू नका. उत्पन्नाबद्दल तुमचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, असं कायद्यातच आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जा. एकट्याने जाऊ नका. हलगीवाला, तुणतुण्यावाला, नाचणाऱ्या बाया, सगळ्यांचेच हक्क गुंतलेत. आणि बायांना तर उत्पन्न किती हे कुणी विचारणारही नाही. व्हिडिओची लिंक, खेळाची तारीख आणि सुपारीचा कागद बरोबर न्या. जत्रांचा हंगाम सुरू होण्याआधी जा, नंतर तुम्हालाच सवड मिळणार नाही.