'अर्ज नस्तीबद्ध केला' असं पत्र आलं. नस्ती म्हणजे काय? अर्ज मंजूर झाला का?

नाही, मंजूर झाला असा याचा अर्थ नाही. नस्ती म्हणजे सरकारी फाइल, एका विषयाचे सगळे कागद एकत्र लावलेली. तिच्या एका भागात आलेली-गेलेली पत्रं असतात, दुसऱ्यात अधिकाऱ्यांच्या टिप्पण्या. निर्णय कसा झाला ते टिप्पण्यांतच कळतं. 'नस्तीबद्ध करणे' किंवा 'दप्तरी दाखल करणे' म्हणजे कागद फाइलला लावून प्रकरण बंद करणे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयांत खेटे घालणाऱ्या माणसाला हे कोणी समजावून सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही कारण लेखी मागा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधल्या 'अभिलेख'च्या (रेकॉर्डच्या) व्याख्येत फाइल येते. त्यामुळे माहिती अधिकाराच्या अर्जात 'या विषयाच्या नस्तीतील टिप्पण्यांसह सर्व पानांच्या प्रती द्याव्यात' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'माहिती द्यावी' लिहिलं तर मोघम उत्तर येण्याची भीती असते.

'दप्तर' हा फारसीतून आलेला शब्द जास्त व्यापक आहे: कार्यालयाचा पूर्ण कागदसंग्रह. तलाठ्याचं दप्तर, पुण्याचं पेशवे दप्तर. बोलताना आपण नागपूरकर सरळ 'फाइल'च म्हणतो, आणि ते बरोबरच आहे.